टेलच्या शेतकऱ्याला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांनीच मिळून वाटून घ्यायची सोसायटी, काढायची बोलणी चालू आहेत आणि तुम्ही त्यात पुढे आहात. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तुमचा मुलगा म्हणतो, "सहकार म्हणजे एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावर बसायचं. स्पर्धेत निदान ज्याचं त्याला मिळतं." तुम्हाला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही. तेव्हा नीतीच्या दृष्टीने वरचढ काय, सहकार की स्पर्धा?

माझं आयुष्य कालव्यावरच्या संस्थांबरोबर गेलं, त्यामुळे उत्तरही कालव्यावरूनच येणार. सहकाराच्या व्यासपीठांवर जे बोललं जातं ते सगळंच मला पटत नाही, हे आधीच सांगतो. 'विना सहकार नाही उद्धार' हे वाक्य भिंतीवर रंगवलेल्या पण आतून कुलूप लागलेल्या सोसायट्या मी बऱ्याच पाहिल्यात. पण तुमच्या मुलाचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. मी दोन्हींना एकच कसोटी लावतो: या व्यवस्थेत टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं?

कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान तो हेडवाला, शेवटाला ज्याचं रान तो टेलवाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की पाणी आधी हेडला येतं. तिथला शेतकरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेतो आणि टेलला चारी, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट, कोरडी राहते. यावर हेडवाल्याला लोभी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्या जागी उभं राहून बघा. पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर आकारली जायची. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरला, एकरी पट्टी ठरली, की रानात चार इंच पाणी घ्या नाहीतर आठ इंच, पैसे तेवढेच. वर पुढचं आवर्तन वेळेवर येईल याचा भरवसा नाही. आणि आपण दार बंद करून पाणी पुढे सोडलंच, तर ते टेलपर्यंत पोचेल याचीही खात्री नाही. मधला कुणीतरी चारी फोडून घेणार. मग आपणच का सोडायचं? प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणानेच वागतो आणि त्या शहाणपणाच्या बेरजेतून टेलचं रान पडीक पडतं. ही स्पर्धाच आहे. फरक एवढाच की तिच्यात कुणी जास्त हुशारीने शेती करून जिंकत नाही, आजोबांनी जमीन कुठे घेतली त्यावर जिंकतो. तुमच्या मुलाला विचारा, यात 'ज्याचं त्याला' काय मिळालं?

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जे घडलं ते म्हणूनच महत्त्वाचं. समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या त्या ओझरला, म्हणजे कालव्याच्या टेलला. पाणी मिळत नव्हतं तिथूनच सुरुवात झाली. पुढे प्रकल्पाच्या बाकीच्या भागातही संस्था झाल्या आणि सगळ्या लाभक्षेत्राचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आलं.

बाहेरून येणारे पाहुणे याला 'एकीचं बळ' म्हणतात. आतली गोष्ट वेगळी आणि बरीच रुक्ष आहे. पाणी घनमापनाने मिळू लागलं. संस्थेच्या दाराशी मोजणी, हंगामाचा कोटा ठरलेला, पट्टी त्या मोजलेल्या पाण्यावर. आता पाणी वाचवलं तर ते सरकारचं राहत नाही, संस्थेचं होतं. कोट्याच्या आत कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. हेडवाल्याचा स्वभाव बदलला नाही, त्याचा हिशेब बदलला. 2005 साली राज्यात जो सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व ठेवलंय. कायदा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असावा.

धुळे आणि नाशिकच्या बाजूला पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. तिच्यातली युक्ती मला अजूनही थक्क करते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पिकं फडाफडांतून फिरवायची. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. म्हणजे तुटीचा वाटा आपोआप प्रत्येकाच्या पदरात. पाणी द्यायला हवालदार आणि जागल्या असे नेमलेले लोक. मालकाने स्वतः दाराला हात लावायचा नाही. भाऊबंदकी त्या गावांतही होती. वाद होणारच हे धरून पद्धत बांधली होती म्हणून ती टिकली.

पुरंदर तालुक्यातली पाणी पंचायत याच्याही पुढे गेली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. ते इंजिनिअर आणि कारखानदार, म्हणजे बाजारातली स्पर्धा कोळून प्यालेला माणूस. त्यांनी घातलेले नियम आजही कुठल्याही ग्रामसभेत वाचून दाखवले तर सभेत कुजबुज सुरू होते. पाणी जमिनीवर द्यायचं नाही, माणशी द्यायचं: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चाचा एक वाटा लाभार्थ्यांनी आधी भरायचा, फुकट काही नाही. यात वीस एकरवाल्याने काय सोडलं ते बघा. नैतिक म्हणायचं ते मी याला म्हणतो: बलवान माणसाने आपल्या बळाचा काही भाग नियमाने बांधून घेतला. नुसतं एकत्र येण्यात ते आपसूक येत नाही. म्हणूनच हे नियम राज्यभर पसरले नाहीत, याचं मला नवल वाटत नाही.

विहिरींच्या आणि बोअरच्या स्पर्धेत तर टेलवाला कोण हे दिसतही नाही. आपल्याकडे बराच भाग बेसाल्टचा, पाणी साठणार ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर घेतली की आपण चारशेवर जायचं, मग त्याने सहाशेवर. पुष्कळदा नवी बोअर नवं पाणी आणतच नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतलं खाली ओढते. जिंकणारा कर्जबाजारी आणि हरणारा कोरडा. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायला सुरुवात केली. पोपटराव पवारांचं गाव आज लोक सहलीसारखं बघायला जातात. तिथून परत येताना बहुतेकांच्या बोलण्यात झाडं असतात, बोअरबंदी क्वचितच असते.

एवढं वाचून तुम्ही मुलाला फोन लावायच्या आधी दुसरी बाजूही ऐका, कारण ती कडू आहे.

एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचं तर काय लागतं? किराणा दुकानदाराने माल द्यायचा नाही, शेजाऱ्याने बोलायचं नाही, लग्नाला कुणी जायचं नाही. एकाने जरी साथ सोडली तरी बहिष्कार ढिला पडतो. म्हणजे त्याला अख्ख्या गावाचं सहकार्य लागतं, आणि ते आपल्याकडे बिनबोभाट मिळत आलंय, इतकं की 2016 मध्ये राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. ठराव कागदावर होता, तळ्यावर गावाची एकी होती. गावगाड्याचं गुणगान करणारे बलुतेदारीला परस्पर सहकार्याचा नमुना म्हणतात. सहकार्य होतंच, फक्त कुणी काय करायचं हे जन्माच्या वेळीच ठरलेलं आणि त्यातून बाहेर पडायला दार नाही. या व्यवस्थेतून निघून शहरात गेलेल्या माणसाला परीक्षेतली, नोकरीतली स्पर्धा सुटकेसारखी वाटली असेल, तर त्याला सहकाराची थोरवी सांगायला मी जाणार नाही. तुमच्या मुलाच्या बोलण्यात एवढं तरी खरं आहेच: उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं.

बाजारातलंच बघा. कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून बोली ठरावीक आकड्यावर थांबवली, तर तेही सहकार्यच. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. त्या हत्ता पद्धतीत दोन व्यापाऱ्यांमध्ये काय ठरलं ते ट्रॅक्टरशेजारी उभ्या शेतकऱ्याला कळायचं नाही. उघडा लिलाव हा त्यावरचा उपाय. तिथे शेतकऱ्याचं हित व्यापाऱ्यांनी एकमेकांशी भांडण्यात आहे, त्यांच्या मैत्रीत नाही. उसाचंही तसंच. झोनबंदी होती तोवर आपल्या हद्दीतल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, मग तो भाव काहीही देवो. 1997 मध्ये झोनबंदी उठली तेव्हा सहकाराचा घात झाला म्हणून ओरड झाली. शेजारचा कारखाना काय देतो हे पाहून बोलायची सोय मात्र ऊस उत्पादकाला तेव्हा मिळाली.

ऊस निघालाच आहे तर माझ्या मनातली सर्वांत मोठी खंतही सांगून टाकतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ एकत्र आले, खेडोपाडी फिरून भागभांडवल उभं केलं. त्याचं मोल कमी करायचं नाही मला. खाजगी कारखानदार आणि सावकार यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला मालक बनवणारी ती गोष्ट होती. पण सभासद कोण? ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा सभासद नाही. बीडहून नवरा-बायकोची कोयत्याची जोडी निघते, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेते, पाच-सहा महिने पालात राहते आणि उचल फिटेपर्यंत राबते. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. आजारपणात एक दिवस खाडा झाला तरी कापून घेतला जातो, अशी ज्या बाईची परिस्थिती आहे, ती ज्या कारखान्यासाठी ऊस तोडते त्यावरची पाटी 'सहकारी' अशी असू शकते. त्या पाटीच्या आत ती कुठेच नाही. टेलचा शेतकरी निदान कालव्याच्या नकाशावर तरी असतो.

म्हणून तुमच्या संस्थेबद्दल माझी पहिली शंका हीच: सभासदत्व सातबाऱ्यावर ठरणार. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर. मग रात्री दोनला पाण्याची पाळी आली की दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, जाणारी बाई आणि वाट्याने रान कसणारा माणूस, दोघंही सभेत नसणार. त्यांना आत कसं घ्यायचं ते आधी ठरवा. नंतर कुणी घेत नाही.

आता स्पर्धा कुठे मला मनापासून चांगली वाटते ते सांगतो, आणि त्यासाठी लांब जायला नको. वाघाडच्या लाभक्षेत्रातलेच शेतकरी घ्या. पाण्याच्या बाबतीत सोसायटीचे सभासद, आणि द्राक्षबागेत एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. कुणाच्या मण्याची फुगवण जास्त, कुणाचा माल आधी निघाला, कुणाला किलोला चार रुपये जादा मिळाले, यावर त्यांचं अख्खं गाव बोलतं. या चुरशीने कुणाचंही रान कोरडं पडत नाही. उलट शेजाऱ्याने छाटणीची तारीख आठ दिवसांनी बदलून फायदा काढला, तर पुढच्या वर्षी चार जण बदलतात. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या जातीतून लांब मण्यांची सोनाका निवडून काढली. एका शेतकऱ्याच्या बागेतून निघालेली जात पुढे राज्यभर पसरली. ही जात कुणाच्या ठरावातून निघाली नसती. त्यासाठी एका माणसाला आपली बाग इतरांपेक्षा सरस करायची खाज असावी लागते.

पण याच द्राक्षांच्या बाबतीत 2010 साली काय झालं ते आठवतंय? युरोपात आपल्या मालात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, कंटेनर अडकले. ज्यांनी औषध प्रमाणात वापरलं होतं तेही बागाईतदार त्यात भरडले गेले. बाजारातलं नाव हे कालव्याच्या पाण्यासारखंच सगळ्यांचं असतं, एकाने नासवलं की सगळ्यांचं नासतं. तेव्हा माल सरस काढायला चुरस हवी, पण अंश तपासणी, औषधांची शिस्त आणि शेतनोंदणी याबाबतीत चुरस चालत नाही. तिथे सगळ्यांना एकच नियम लागतो. एकच माणूस, एकच बाग, आणि बांधाच्या अलीकडे-पलीकडे नीती बदलते. 'सहकार की स्पर्धा' असा सरसकट सवाल मला म्हणूनच झेपत नाही.

दोन्हींची सांगड घालायचा मोठा प्रयोगही आपल्याकडे झाला. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाला. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, आणि पुढच्या तीन वर्षांत स्पर्धा सत्तरहून अधिक तालुक्यांत पोचली. उन्हाळ्यातले 45 दिवस, गावागावांत चुरस, आणि त्या चुरशीपायी गावातली भांडणं बाजूला ठेवून लोक टिकाव-फावडं घेऊन माळावर. एरवी ग्रामसभेचा कोरम भरत नाही अशा गावांत पहाटे लोक चर खोदत होते. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन जे साधलं नाही ते शेजारच्या गावाला हरवायच्या ईर्ष्येने साधलं, हे मान्य करायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही. शिवाय हरलेल्या गावाचेही चर पावसाळ्यात भरणारच होते. हरणाऱ्याच्याही हाती काहीतरी उरतं अशी स्पर्धा विरळाच. तुमचा मुलगा देतोय त्या परीक्षेशी ताडून पाहा: केंद्राच्या नागरी सेवेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज आणि जागा साधारण हजार. निवड स्वच्छ आहे, वशिल्यापेक्षा शंभरपट बरी. पण पाच-सहा वर्षं अभ्यासिकेत काढून मागे उरलेल्याच्या हाती काय, याचं उत्तर ती परीक्षा देत नाही, आणि ते देणं आपलं काम आहे असं कुणी मानतही नाही.

वॉटर कपची मर्यादा मात्र पुढे दिसते. चर किती घनमीटर खोदला ते 45 दिवसांत मोजता येतं. साठलेलं पाणी पुढची दहा वर्षं कोण, किती उपसणार, हे कुठल्या स्पर्धेत मोजता येणार? भूजल वाढलं की पहिलं पाऊल पुष्कळदा नवी बोअर आणि नवा ऊस हेच असतं. पाणी साठवायला उत्साह पुरतो. ते वाटून द्यायची वेळ आली की पुन्हा मोजणी, कोटा, दंड, वही, आणि रोज सकाळी दारावर जाऊन पाणी सोडणारा पाटकरी लागतो. फोटो काढावा असं त्यात काहीच नसतं.

तुमच्या बैठकीपुरतं बोलायचं तर मुलाला मुद्दाम सोबत न्या. त्याचा 'खांद्यावर बसणाऱ्यां'चा मुद्दा तिथे फार उपयोगी पडेल, कारण तो रोग खरा आहे आणि त्यावर औषध नियमातच घालावं लागतं. थकबाकीदाराची पाळी बंद करायची की नाही, आणि तो अध्यक्षांचा भाऊ असला तर, हे कुणाचीही थकबाकी नसताना, म्हणजे आत्ताच लिहून घ्या. पहिल्या चोरीला किती दंड, दुसऱ्याला किती, तेही. मोजणीचे आकडे संस्थेच्या कपाटात ठेवू नका, चावडीवर फळ्यावर लिहा, दर आवर्तनाला. आवर्तन टेलकडून हेडकडे द्यायचं, असा शेजपाळीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्यांचा, क्रम पोटनियमात घाला. नंतर सवडीने ठरवू म्हटलं की तो कधीच ठरत नाही. अध्यक्ष बदलायची तारीखही त्यातच.

आणि पहिली बैठक हेडच्या वाड्यात घेऊ नका. टेलला एखादं झाड बघून तिथेच सतरंजी टाका. हेडच्या मंडळींना तिथवर चालत यायला लागेल, वाटेत कोरडी चारी दिसेल, आणि किती जण येतात त्यावरून संस्था चालेल की नाही याचा अंदाज तुम्हाला सभा सुरू व्हायच्या आधीच येईल.